ओळखीचा मासा

मासा हा प्राणी मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत फक्त आडवा पाहिला होता. पाटीत आडवा, विळीवर आडवा, तव्यात आडवा आणि शेवटी ताटात भाताच्या शेजारी आडवा. मुलांच्या पुस्तकात मासा काढतात तोही बाजूनंच. एक डोळा, एक कल्ला, एक शेपटी. दुसरा डोळा पलीकडे असणार हे आपण सज्जनपणानं गृहीत धरतो. माणसाचा फोटो समोरून काढायचा आणि माशाचा बाजूनं, असा जणू जगभर करारच झालेला आहे. (दोन्हीकडून फोटो काढतात ते फक्त आरोपींचे.) समोरून मासा कसा दिसतो हा प्रश्न मला कधी पडला नाही आणि न पडल्यामुळे माझं काही अडलंही नाही.

आता माशाच्या डोळ्यांत मी कधी बघितलंच नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं मी दर बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी माशाच्या डोळ्यांत बघत आलो आहे. आमच्या बाजारातल्या कोळणीनंच मला ते शिकवलं. "डोला बघ भाऊ, डोला!" डोळा पाणीदार आणि फुगीर असला की मासा ताजा. आत गेलेला, धुरकट असला की कालचा. प्रेमात पडलेल्या माणसानंही कुणाच्या डोळ्यांत इतकं निरखून बघितलं नसेल. पण ते बघणं म्हणजे डॉक्टर जीभ बघतात त्यातलं. जिभेच्या मालकाशी त्याचा काही संबंध नसतो.

आणि मालकाशी संबंध आला की काय होतं, हाच माझ्या या लेखाचा विषय आहे. आपल्या समाजात ओळख या गोष्टीला काय किंमत आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. बालवाडीत प्रवेश असो, इस्पितळातली खाट असो की लग्नासाठी मे महिन्यातला हॉल असो, आपला पहिला प्रश्न "नियम काय आहे?" हा नसतो. "तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?" हा असतो. ओळख निघाली की नियम उठून बाजूच्या खुर्चीवर बसतो. हे सगळं मी समजू शकतो, मीही त्याच समाजात वाढलो. पण एखाद्याचा जीव घ्यायचा की नाही हेसुद्धा ओळखीवर ठरावं का? हा प्रश्न मला अंदमानात, पाण्याखाली सुमारे दहा मीटरवर पडला. तिथं तोंडात रबरी नळी असल्यामुळे तो कुणाला विचारता आला नाही. म्हणून इथं विचारतो आहे.

अंदमानला आम्ही गेलो ते मराठी माणसं जातात तसेच, सेल्युलर जेलसाठी. १९०६ साली बांधून पुरी झालेली ती इमारत पाहिली, सावरकरांची कोठडी पाहिली आणि सबंध बस संध्याकाळपर्यंत गप्प होती. पंचवीस मराठी माणसं एकत्र असून गप्प, हे मी त्यानंतर पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉकला गेलो. २०१८ पासून त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवरचे खलाशीदेखील अजून हॅवलॉकच म्हणतात. ज्या समुद्राला आपले आजे-पणजे काळं पाणी म्हणत, तो तिथं मोरपंखी निघाला. इतकं स्वच्छ पाणी की त्यात काही विसर्जन करायचा धीर होऊ नये.

त्या पाण्यात उतरण्याची माझी काही महत्त्वाकांक्षा नव्हती. पण मुलानं आमचे पैसे परस्पर भरून ठेवले होते, आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून सर्टिफिकेटही आणवलं होतं आणि ते पैसे परत मिळणार नव्हते. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात जी काही धाडसं करतो ती बहुधा पैसे परत मिळणार नसतात म्हणून करतो. आमच्या सौ.नं मात्र तत्काळ माघार घेतली. "तुम्ही जा. मी तुमच्या चपला सांभाळते." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या चपलांविषयी दाखवलेली ही पहिलीच आस्था.

पोहता येत नसलं तरी चालतं, असं तिथल्या मुलांनी सांगितलं. शिकवणारा बरोबर असतो, तोच आपल्याला मांजरीनं पिल्लू धरावं तसा मानेशी धरून फिरवतो. आधी रबराचा घट्ट पोशाख चढवतात. मग कमरेला शिशाची वजनं बांधतात. माणूस बुडू नये म्हणून मानवजातीनं हजारो वर्षं एवढा खटाटोप केला आणि इथं बुडावा म्हणून पट्टा! त्यानंतरचा मोठा नियम म्हणजे श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. मी बारा वर्षं योगासनांच्या वर्गात पैसे भरून कुंभक शिकलो, तो इथं नेमका वर्ज्य. कान दुखायला लागले की नाक चिमटीत धरून फुंकायचं. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि हे सगळ्यांत आधी कानांना कळतं.

शिवाय खाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकाव्या लागतात. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे 'सगळं ठीक'. अंगठा वर केला की 'मला वर घेऊन चला'. आमच्या ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सुंदर मासा दिसला की ते आनंदानं अंगठा दाखवत आणि त्यांना बिचाऱ्यांना लगेच वर नेण्यात येई. असं तीनदा झालं. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ तिसराच आहे, तो त्यांना पैशांचा हिशेब करताना समजला.

मला धरून नेणारा पोरगा कॅरेन होता. त्या लोकांना इंग्रजांनी १९२५ साली ब्रह्मदेशातून आणून मायाबंदरच्या बाजूला वसवलं. पाण्यात ती पोरं आपण घरात चालावं तशी वावरतात. त्यानं मला हळूहळू खाली नेलं आणि मी प्रथमच प्रवाळाचं रान पाहिलं. सांबरशिंगांची झुडपं, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोल, टेबलासारखे पसरट थर. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरतो, त्यामुळे सगळ्यावर एक निळसर, पहाटेसारखी छाया असते. मासे तर असे की मोजणं सोडून द्यावं. शाळा सुटल्यावर रस्त्यावर पोरं असतात तसे. फक्त आवाज नाही.

आणि तिथं एका खडकाच्या कपारीपाशी तो होता.

गोब्रा. मी जन्मभर तुकड्यांच्या स्वरूपात ओळखत होतो तो गोब्रा, सबंध. मीटरभर तरी असावा. पाण्याखाली काचेतून वस्तू सुमारे एक-तृतीयांशानं मोठी दिसते असं मला नंतर कळलं, म्हणजे मासे पकडणाऱ्यांच्या थापांना शास्त्राचा थोडासा तरी आधार आहे. ती वजावट धरूनही तो मोठाच होता. तोंड उघडं टाकून स्तब्ध उभा आणि निळ्या पट्ट्याचे दोन बोटभर मासे त्याच्या तोंडात ये-जा करत दात साफ करताहेत. हुबेहूब खुर्चीत मान टाकून दाढी करून घेणारा माणूस. गोब्र्यानं मनात आणलं तर एका घोटात न्हाव्यासकट दुकान गट्ट, पण तो तसं करीत नाही. मग त्यानं तोंड मिटलं, न्हाव्यांना रजा दिली आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

समोरून.

वाचकहो, मासा समोरून मुळीच माशासारखा दिसत नाही. तो माणसासारखा दिसतो. जाड ओठ, खालचा जबडा पुढे आलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून खाली गेलेल्या दोन नाराज रेघा. तारखेला वकील आला नाही म्हणून कोर्टाच्या पायरीवर बसून राहिलेल्या एखाद्या खोताचा चेहरा असतो ना, तसा. तो हातभर अंतरापर्यंत आला. एक डोळा माझ्यावर ठेवला आणि दुसरा स्वतंत्रपणे फिरवून माझ्या मागच्या पोरावर नेला. मी आयुष्यात अनेक मुलाखती दिल्या, पण इतका निवांत कुणी मला तपासला नव्हता. मी ताजा आहे की शिळा, याचा तो अंदाज घेत असावा. मग काही न बोलता, म्हणजे तिथं कुणीच बोलत नव्हतं तो भाग वेगळा, तो कपारीत परत गेला.

रात्री हॉटेलात जेवणाच्या यादीत ग्रिल्ड फिश होतं. कुठला मासा, म्हणून विचारलं तर वाढप्या अभिमानानं म्हणाला, "ग्रूपर साब, एकदम फ्रेश."

मी म्हणालो, "मला वरणभात."

टेबलावर शांतता पसरली. मी रत्नागिरीकडचा. आमच्या घरात वरणभात ही आजाऱ्यांची किंवा एकादशीची गोष्ट. सौ.नं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी कारण सांगितलं आणि तिथंच चूल पेटली. कारण आमच्या टेबलावर पुण्याचे एक तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, शाकाहारी, आणि अशा संधीची ते मुंबई विमानतळापासून वाट पाहत होते.

"म्हणजे तुमचं म्हणणं," त्यांनी चमचा खाली ठेवला, "जो जीव ओळखीचा झाला तो खाऊ नये."

"तसंच काहीसं."

"मग जो ओळखीचा झाला नाही, त्याचा गुन्हा काय?"

मला उत्तर सुचेना. सौ. म्हणाली, "गुन्हा कसला? चव." आणि तिनं माशाची प्लेट मागवली. ती पाण्यात उतरली नव्हती, त्यामुळे तिची कुणाशी ओळख झालेली नव्हती. लिंबू पिळून ती इतक्या निर्मळ मनानं जेवली की मला आपल्या वरणभाताची लाज वाटली.

तेवढ्यात तो कॅरेन पोरगा आमचे व्हिडिओ घेऊन आला. प्राध्यापकांनी त्यालाच साक्षीला उभं केलं. तू मासे खातोस का? "रोज खाता हूँ, अंकल." हा ग्रूपर खातोस? "खाता हूँ." मग तो सकाळचा, खाली आहे तो? पोरगा हसला. "वो नहीं. वो अपना है."

अधिक चौकशीत निघालं ते असं. तीन वर्षं तो रोज त्या माशाला भेटतो. पाहुण्यांना दाखवतो. पाहुणे खूश होऊन जातात, पुढच्यांना पाठवतात. त्याचं घर त्यावर चालतं. प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे तो मासा नोकरीत आहे. पर्मनंट." त्यांना वाटलं आपण पोराचं म्हणणं खोडलं. मला तसं वाटलं नाही. आमच्या गावी घरच्या बैलाबद्दलही लोक असंच बोलत आणि बैल म्हातारा झाला म्हणून त्याला विकणाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं खाली मान घालून घेतलं जाई. उपयोगातून सुरू झालेली ओळख पुढे निराळी होते, हे बैलवाल्यांना माहीत आहे, तर्कशास्त्रात ते बसत नसलं तरी.

मुंबईला परत आल्यावर मी या विषयावर वाचायला लागलो. वाचून शहाणपण येतं की नाही कोण जाणे, पण जेवणाच्या टेबलावर दारूगोळा मिळतो. गोब्र्याविषयी जे वाचलं त्यानं माझी पंचाईत वाढलीच. हा प्राणी जन्माला येतो तो बहुधा मादी म्हणून, आणि पुढे मोठा झाला की त्यातल्या काहींचा नर होतो. (लहान मुलांचा लाडका निमो ज्या जातीचा, तिच्यात बरोबर उलटं. तिथं नराची मादी होते. सिनेमावाल्यांनी हे मुलांना सांगितलेलं नाही.) म्हणजे थोराड गोब्रे तेवढे निवडून पकडले की मागे नुसता महिला मंडळाचा मेळावा उरतो. तांबड्या समुद्रातला गोब्रा तर शिकार कपारीत लपली की वामीच्या बिळापाशी जाऊन मान हलवतो, 'येतेस का?' म्हणून, आणि दोघं जोडीनं शिकारीला जातात. हे २००६ साली शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं आहे. त्याची दाढी करणारा तो निळ्या पट्ट्याचा मासा आरशात स्वतःला ओळखतो असं २०१९ साली एका जपानी संशोधनात निघालं. त्याच्या गळ्याखाली रंगाचा ठिपका लावला तर आरशात बघून तो ठिपका घासून काढायला जातो. सकाळी दात घासताना मी स्वतःला ओळखायला यापेक्षा जास्त वेळ घेतो.

पण मला सगळ्यांत गंमत वाटली ती कॉर्सिका बेटाजवळच्या माशांची. मासे माणसाला ओळखतात का, हे तिथं समुद्रातच तपासलं आणि २०२५ साली जाहीर केलं. एक बाई त्यांना खाऊ द्यायच्या. दुसरा माणूस बरोबर जाई, तो द्यायचा नाही. थोड्याच दिवसांत मासे नेमके त्या बाईंच्या मागे जायला लागले. मग दोघांनी अगदी सारखे पोशाख चढवले, तेव्हा माशांचा गोंधळ उडाला. म्हणजे त्यांची ओळख कपड्यांवरून! हे वाचून मला मासे फारच जवळचे वाटले. माझ्या चुलत मेहुण्यानं मला दोन लग्नांत एकाच कोटामुळे ओळखलं आणि तिसऱ्या लग्नात मी सदरा घालून गेलो तर बाजूनं निघून गेला.

मग कुस्तो सापडला. जाक कुस्तो या फ्रेंच नौसैनिकानं आणि एमिल गान्यां या इंजिनिअरनं १९४३ साली ते यंत्र जमवलं, ज्यामुळे आज माझ्यासारखा माणूस पाठीवर हवा बांधून खाली जातो. कुस्तोनं पाण्याखाली काढलेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात एक गोब्रा आहे. त्याचं नाव जोजो. (आपल्याकडे हे नाव ठेवलं तर मासा झोपी जाईल.) तो इतका माणसाळलेला की पाणबुड्यांच्या मागे मागे फिरायचा आणि दुसऱ्या माशांना खाऊ घालू द्यायचा नाही. शेवटी त्याला थोडा वेळ पिंजऱ्यात कोंडून ठेवलं, लाडानंच. सबंध चित्रपटात सगळ्यांना आवडतो तो हाच.

आणि त्याच चित्रपटात, त्याच बोटीवरची तीच माणसं, प्रवाळाच्या रांगेत सुरुंग लावून उडवतात. कशासाठी, तर तिथं मासे किती आहेत ते मेलेले मोजून कळावं म्हणून. पुढे त्यांच्या बोटीचा पंखा लागून व्हेलचं एक पोर जखमी होतं, त्याच्या रक्तावर शार्क येतात आणि बोटीवरच्या मंडळींना एवढा संताप येतो की ते शार्कना हुकानं वर ओढून कुऱ्हाडीनं मारतात. व्हेलचं पोर मेलं बोटीमुळे आणि शिक्षा शार्कना. ही दुष्ट माणसं नव्हती. कुस्तो तर पुढे जन्मभर समुद्र वाचवा म्हणून जगभर ओरडत हिंडला. पण त्या बोटीवर जोजोची ओळख होती, व्हेलच्या पोराकडे बघून पोटात तुटत होतं, शार्कची कुणाला दया नव्हती, आणि सुरुंगाखालच्या माशांचं तर कुणी नावही विचारलं नाही. माझा वरणभात मला तिथं पहिल्यांदा संशयास्पद वाटला. दया ओळखीतून सुरू होते हे मला मान्य आहे, नाहीतर ती सुरूच कुठून होणार? पण ती ओळखीपाशीच थांबली तर तिला दया म्हणायचं कशाला? तिला आपल्याकडे वशिला म्हणतात.

आमच्या त्या व्हिडिओचीही एक हकिगत आहे. परत आल्यावर तो घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवण्यात आला. व्याही आले, शेजारी आले, सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला आले ते तीनदा पाहून गेले. सगळ्यांचं लक्ष गोब्र्यावर. "अगं बाई, कसा बघतोय!" दहाबारा खेळ झाल्यावर आमची सात वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, तिकडे काय तुटलं?" तेव्हा आम्ही पाहिलं. गोब्रा वळतो त्याच क्षणी चित्राच्या कोपऱ्यात, आमच्या बँकवाल्या गृहस्थांच्या पायातला तो वल्ह्यासारखा पंख एका सांबरशिंगाला लागतो आणि वीतभर फांदी मोडून खाली जाते. आवाज नाही. मोडणाऱ्यालाही पत्ता नाही. ते त्या वेळी अंगठा दाखवत होते.

नातीला सांगण्यासाठी म्हणून मी प्रवाळावर वाचलं. दगड वाटतो तो दगड नव्हे, बोट टेकवावं एवढाल्या प्राण्यांची ती चाळ आहे. प्रत्येक बिऱ्हाडकरूच्या अंगात सूक्ष्म शेवाळ पोटभाडेकरू म्हणून राहतं आणि भाडं अन्नाच्या रूपानं देतं. फांद्यांची जात वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढते. गोल दगडासारखी असते ती जेमतेम एखादा. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या उच्चांकापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की पोटभाडेकरू बाहेर पडतात, चाळ पांढरीफटक होते, आणि ते लवकर परतले नाहीत तर उपासमारीनं मरते. अंदमानात १९९८ साली हे झालं, २०१० साली मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ साली पुन्हा. २०२४ साली लक्षद्वीपला झालं आणि त्याच वर्षी जगभरच झाल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. समुद्राच्या तळाचा शंभरातला एक भागही या प्रवाळानं व्यापलेला नाही आणि समुद्रातल्या जातींपैकी सुमारे चौथा हिस्सा त्याच्या आश्रयानं राहतो. आमचा गोब्रासुद्धा तिथला भाडेकरूच. मालक गेला की तो कुठला?

पण या मालकाला चेहरा नाही. जाड ओठ नाहीत, नाराज रेघा नाहीत, डोळा फिरवून तो तुमच्याकडे बघत नाही. त्याची ओळख निघायची कशी? सौ.च्या बोटात लग्नापासून पोवळ्याची अंगठी आहे. तिच्या पत्रिकेत मंगळ होता म्हणून तिच्या वडिलांनी घातलेली. ते लाल पोवळं निराळ्या जातीचं, पण सांगाडा तो सांगाडाच. चाळीस वर्षं एका समुद्री प्राण्याचं हाड आमच्या स्वयंपाकघरात वावरलं, त्या बोटांनी मासे साफ झाले, आणि आमच्या दोघांच्याही मनात कधी आलं नाही की ही दोन्ही एकाच गावची मंडळी आहेत. ती आता अंगठी काढून ठेवेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मंगळाचं काय करायचं मग?" यावर शास्त्रज्ञांनी काही लिहिलेलं नाही.

कायदा मात्र ओळख मागत नाही. २००१ साली आपल्या सरकारनं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, जिथं वाघ बसतो तिथं, प्रवाळाला नेऊन बसवलं. त्याच वर्षी गोब्र्यांमधला जो सगळ्यांत अवाढव्य, त्यालाही. हे लिहिणाऱ्या कारकुनानं प्रवाळ कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि नेमकं तेच मला आवडलं. न पाहिलेल्याला वाघाशेजारी खुर्ची!

प्राध्यापकांना मी हे सगळं पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की, मग शाकाहारी व्हा. यात तर्कदोष नाही. पण महाभारतात कौशिक नावाच्या विद्वान ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेच्या बाजारात एका खाटकाच्या दुकानी पाठवलं आहे, आणि तो खाटीक सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. म्हणजे किरकोळ विक्रेता. आमच्या कोळणीसारखा. तेव्हा मीही पुण्याला न जाता बाजारात गेलो.

तिच्या पाटीत त्या दिवशी गोब्रा होता. मी म्हटलं, तो नको. का नको? मी सांगितलं. अंदमान, कपारी, न्हावी, सगळं. ती सुरा थांबवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू त्याला वलखलंस. त्यानं तुला वलखलं काय?"

मी म्हटलं, बघितलं तर होतं.

"बघतो तो. सगल्यांना बघतो. मी पन बघते," ती म्हणाली आणि शेजारचीला ही हकिगत तिच्या भाषेत सांगितली. त्यावर दोघी पाटीवर वाकून हसल्या. मग तिनं माझी समजूत घातली. म्हणाली, आमच्यात पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय कुणी दर्यात जात नाही. दर्या खवळलेला असतो हे एक. दुसरं म्हणजे तेव्हा माशांच्या पोटात अंडी असतात. तिच्या सासऱ्यानं म्हणे एकदा घरात तांदूळ नसताना होडी काढली नव्हती.

"कुठल्या माशाच्या पोटात?" मी विचारलं.

"कुठल्या म्हंजे? असतील त्या. मी काय त्यांस्नी भेटायला गेली व्हती?"

आता हे मी प्राध्यापकांना कळवावं की नाही, याचा विचार करत मी तिथंच उभा होतो. माझ्या मागे तोपर्यंत चार गिऱ्हाइकं जमली होती. ती घाईला आली. सुरमईचे तुकडे करता करता तिनं पाटीच्या कोपऱ्यातलं केळीचं पान उचललं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "गाबोली हाय बघ एक. तुला आवडते म्हनून ठेवलीय. कुनाला दाखवली नाय. देऊ?"

मी पिशवी उघडून उभा होतो.